आपली मुक्ताई वाहून गेली

फाटा, ता. पाथर्डी
२८ सप्टेंबर २०२५

रुपाली,

आधी वर 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, तेवढ्यावरूनच तू पत्र फाडशील, म्हणून कागद बदलला. फोनवर तू मला बंद केलंयस. व्हॉट्सॲपवर तुझ्या फोटोच्या जागी राखाडी बाहुली आलीय. गोरक्षच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून कापलास. मग हे पोस्टाचं पाकीट. तुझ्या हडपसरच्या होस्टेलचा पत्ता मला पाठ आहे. मुक्तामावशीनं मागच्या दिवाळीला तुला चिवडा पाठवला, त्या पार्सलवर तो मीच लिहिला होता.

मावशी, तुझी आई, बरी आहे. खोकला आहे, चिखलात उभं राहून तळपायाला भेगा पडल्यात, पण बरी आहे. नवा फोन घ्यायला तयार नाही. तू रोज सात वाजता शेजारच्या मेडिकलवाल्याच्या फोनवर तिच्याशी बोलतेस ते मला माहीत आहे. त्या वेळी मी तिथून उठून जातो.

तू सगळ्यांसमोर मला थोबाडीत मारलीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दोघातिघांनी विचारलं, काय भानगड. मी म्हणालो, आमचं आपसातलं आहे. तेही तुला आवडणार नाही, 'आमचं' म्हणालेलं.

पण पोस्टरचं मला सांगू दे. तुला वाटतं मी मुद्दाम केलं.

पंधरा तारखेला पहाटे, जिच्या पात्रातून आपण शाळेत चालत जायचो ती आपली कोरडी नदी तुमच्या हॉटेलात शिरली. मावशी मेडिकलच्या गच्चीवर चढली म्हणून वाचली. पाणी उतरल्यावर भट्टी पार खालच्या बाभळीत अडकलेली सापडली. फ्रीज सापडलाच नाही. ज्वारीची पोती फुगून फुटली होती, टेबलं एकात एक घुसली होती आणि सगळ्यावर गुडघाभर गाळ. पंचनाम्याला आलेल्या माणसानं घरं लिहिली, पिकं लिहिली, जनावरं लिहिली. भाड्याच्या जागेतलं हॉटेल कुठल्या रकान्यात घालायचं ते त्यालाही कळेना. म्हणाला, वर विचारून सांगतो.

मला ते बघवेना. सतरा तारखेला सकाळी पिकअप घेऊन पाथर्डीला गेलो आणि गोरक्षच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून मजकूर लिहिला. तुझ्याकडं तो असेलच, पण पुन्हा लिहितो, मला तो आता तोंडपाठ झालाय.

'पंधरा तारखेच्या पुरात आपली मुक्ताई वाहून गेली. वीस वर्षं जिनं आपल्याला जेवू घातलं, तिच्यामागे एक मुलगी आहे. सढळ हातानं मदत करा.'

मुक्ताई म्हणजे हॉटेल. हॉटेल मुक्ताई. फाट्यावर कुणी हॉटेल म्हणतच नाही, मुक्ताईत बसलोय, मुक्ताईवर भेटू, असंच म्हणतात. तूही म्हणायचीस. 'हॉटेल वाहून गेलं' असं लिहायला पाहिजे होतं, पण मला 'गेली' बरं वाटलं. काळजाला लागतं म्हणून. 'तिच्यामागे एक मुलगी आहे' म्हणजे तिच्यावर जबाबदारी आहे, अशा अर्थानं लिहिलं. गोरक्षकडं त्या दिवशी दहाव्याची तीन कामं होती. घाईत त्यानं त्याच साच्यात मावशीचा फोटो बसवला, कडेची झेंडूची माळ तशीच राहिली. मी बघितली. मला वाटलं, शोभा. खाली माझ्या खात्याचा क्यूआर टाकला, कारण मावशीचं खातं मोबाईलला जोडलेलं नाही.

दोन तासांत ते तालुकाभर फिरलं. ग्रुपवर हात जोडलेले दिसायला लागले. मी समजलो, लोक मदतीला तयार आहेत.

तू फोन केलेस तेव्हा मी वाडीवर घरी होतो. तिथं रेंज नसते हे तुला माहीत आहे. नाहीतर उचलला असता.

पुण्यावरून पाच तास तू एसटीत कशी आली असशील ते मला कळतं. कळतं म्हणजे, विचार करतो.

आता कामाचं. पैसे आलेत, एक लाखाच्या वर. मावशी म्हणते परत कर. मी म्हणालो, देवळाचा सभामंडप पडला तर घरटी वर्गणी निघते, कुणाची गंजी जळाली तर लोक कडबा आणून टाकतात, तालमीला निघते, मग वीस वर्षं सगळ्या फाट्याला जेवू घातलं त्या भट्टीला का नाही? ती गाळ ओढता ओढता म्हणाली, "देवळात बसून कुनी बिल देतं का? माज्यात देत्यात. मी इकते. इकनारीनं मागू न्हाई."

बिभीषणआण्णाचा, म्हणजे समोरच्या धाब्यावाल्याचा, तर ह्या विषयावर रोज दरबार भरतो. परवा चार माणसांत मला म्हणाला, त्याचा धाबा कोरोनात सहा महिने बंद होता, त्यानं कुणापुढं ताट फिरवलं नाही. "धंदा हाय. नफा झाला तवा वाटला व्हता का गावाला? मंग तोटा का वाटतो?" मी त्याच्या अंगावर गेलो. लोकांनी धरलं.

जागामालकानं दिवाळीच्या पाडव्यापर्यंत सांगा म्हटलंय. चालवणार असाल तर चालवा, नाहीतर बिभीषणआण्णा ती जागा गाड्या लावायला घेणार आहे. इकडं नवरात्र चाललंय, मोहट्याच्या देवीला जाणारी माणसं दारावरून जातात आणि आत डोकावून पुढं जातात. मावशीला विचारलं की एकच उत्तर, रुपाली म्हणंल तसं. आणि तू म्हणतेस, मेलेल्या माणसाच्या नावानं आलेल्या पैशावर चूल पेटवायची नाही, सगळं सोड आणि पुण्याला ये.

तुझा राग माझ्यावर आहे. तो हॉटेलवर काढू नको. एवढंच.

कल्याण


८ ऑक्टोबर

रुपाली,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस असं धरून चालतो.

तू त्या दिवशी रात्री पोचलीस. त्याआधी दुपारी इथं काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. मावशी सांगणार नाही, तिला लाज वाटते.

तीनच्या सुमारास एक जीप आली. थांबायच्या आधीच आतून हंबरडा. तुझी मावशी बनाबाई आणि तिच्या भावकीतल्या पाच बाया, शेवगावकडून रडतच आलेल्या. तुझी आई आत फावड्यानं गाळ ओढत होती. रडणं ऐकून तिला वाटलं मेडिकलवाल्याकडं काही झालं. तशीच बाहेर आली, चिखलानं भरलेली, आणि बनाबाईला विचारते, "कोन गेलं गं?"

बनाबाई रस्त्यात खाली बसली. मग उठली आणि तुझ्या आईला दोन्ही हातांनी पाठीत मारत सुटली. मारते, मिठी मारते, परत मारते. म्हणाली, वाटंत तीन गावांत सांगत आले मी तू गेली म्हनून, आता त्यांना कोन सांगायचं? कुणीतरी तिला पोस्टर दाखवलं. ती वाचू शकत नाही, तिला फक्त फोटो आणि माळ दिसली होती. "माळ कुनी घातली हिला?" असं विचारत ती सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. मी पिकअपच्या मागं गेलो.

जीपमध्ये भाकरी, पिठलं, भात होता. कडू घास. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयऱ्यांनी न्यायचा तो. जिवंत माणसासमोर तो काढायचा कसा? बनाबाई म्हणाली, नदीला टाकून देऊ. तुझी आई म्हणाली, "माजी चूल तरी कुठं पेटलीय दोन दिस? आन हिकडं."

आणि ती जेवली. बांधावर बसल्यासारखी उंबऱ्यावर बसून, हात नुसते पुसून. मी इतकी वर्षं तुमच्याकडं येतोय, तिला दुसऱ्या कुणी केलेलं जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. नंतर संध्याकाळपर्यंत अजून चार घरचे कडू घास आले. ती प्रत्येकातलं थोडं थोडं खात गेली. कुणालाच परत लावलं नाही.

त्या घरांची भांडी राहिली. नऊ. पातेली, डबे, एक किटली. धुऊन एका कोपऱ्यात पालथी घातली होती. तू परत गेल्यावर पंधरा दिवस ती त्यांच्याकडं बघत होती. मी म्हणालो, पिकअप आहे, देऊन येतो. ती माझ्यावर ओरडली, रिकामं भांडं परत देत्यात व्हय कुनी, आईनं काय शिकिवलंय का न्हाई. चिमूटभर साखर घाल म्हणालो. म्हणाली, भाकर आली व्हती त्यात, साखर घालू?

चार तारखेला सकाळी तिनं तीन विटा मांडल्या. पुरानंतर पहिली चूल. शेंगदाण्याची आमटी केली, भाकरी थापल्या, नऊ भांडी भरली. मी दिवसभर पिकअपनं पोचवत होतो. बनाबाईनं झाकण उघडलं, वास घेतला आणि भांडं घेऊन आत गेली.

संध्याकाळी मी परत आलो तर तुझी आई विझलेल्या चुलीसमोर बसलेली. म्हणाली, पैशाचं बी तसंच. मला आधी कळलं नाही. मग सांगितलं तिनं, ज्यानं ज्यानं टाकलेत त्यानं येऊन जेवून जायचं. न जेवता दिलेला पैसा आपला नाही. जेवला की तो गिऱ्हाईक.

मी तिला म्हणालो, परत करायचेच होते, मी करून पाहिलंय. काहींनी घेतले. दोघांनी तर स्वतःहून मागितले, बाई जित्ती आहे तर आमचे एक्कावन्न परत टाक म्हणाले. पण बाकीचे नको म्हणतात. त्यात निम्म्याहून जास्त आपल्या टोळ्यांची माणसं आहेत गं. कोयता घेऊन कारखान्याला जाताना ज्यांचे ट्रॅक्टर दरवर्षी तुमच्या दारात थांबतात ती. दहा, वीस, एकवीस. एकानं अकरा टाकून 'बाईंला शांती लाभो' लिहिलंय.

बिभीषणआण्णाला हे कळलं. तो म्हणाला, मग हे मेसचं कार्ड झालं, आगाऊ घ्यायचे आणि जेवू घालायचं, ह्याला माझी ना नाही. मग दाढी खाजवत म्हणाला, "आन जे येनारच न्हाईत त्यांचं काय करनार?" तो प्रश्न तसाच आहे.

मी पहिल्या पत्रात तुझ्याशी वर्गणीवरून भांडलो होतो. ते सोडून दे. मावशीचं बरोबर होतं, पण माझंही सगळं चूक नव्हतं असं मला वाटतं. मी फक्त मागताना माणूस मारला.

आता अडचण दिवसांची आहे. टोळ्या दिवाळी झाली की निघतील आणि सहा महिने येणार नाहीत. त्यांना त्याआधी जेवू घालायचं तर भट्टी आठ दिवसांत बसली पाहिजे, म्हणजे हे पैसे वापरले पाहिजेत, म्हणजे तू हो म्हटलं पाहिजे. मावशीनं काल मेडिकलवाल्याच्या फोनवर तुला विचारलं. मी त्या वेळी तिथं नव्हतो. तिच्या तोंडावरून कळलं तू काय म्हणालीस.

कल्याणच्या हातून आलेलं नको, असंच ना?

क.


१७ ऑक्टोबर

रुपाली,

मागच्या पत्रात मी लिहून गेलो की मावशीला जेवताना मी पाहिलं. त्याच्या आधीच्या पत्रात मी त्या दुपारी वाडीवर होतो, रेंज नव्हती. तू हुशार आहेस, तुला तिथंच कळलं असेल. मला पाकीट पोस्टात टाकल्यावर कळलं. पेटीत हात घालून काढता येतं का बघितलं. येत नाही.

काल मावशीनं मला बसवून विचारलं. "रुपीनं फोन केला व्हता तुला त्या दिशी. किती येळा?"

मी सहा म्हणालो. तिनं मान हलवली, तूही तिला सहाच सांगितले होतेस. मग ती म्हणाली, "मला न्हाई, तिला सांग. मंग मी तिला एकदा इचारते. तवर इचारनार न्हाई."

म्हणून सांगतो.

मी वाडीवर नव्हतो. मेडिकलच्या पायरीवर बसलो होतो, तिथं रेंज भरपूर असते. बनाबाई येऊन गेल्यामुळं लोक पोस्टर कसं वाचतायत ते मला कळलेलं होतं. तुझ्या आईनं हातातला घास खाली ठेवून मला पहिली गोष्ट हीच सांगितली होती, रुपीला कळव, तिच्या कानावर भलतंच जायचं. मी म्हणालो, कळवलंय. तिचा फोन पुरात गेलेला, मेडिकलवाल्याचा नंबर तेव्हा तुझ्याकडं नव्हता, आणि मी कळवलंय म्हटल्यावर बाकी कुणी तुला फोन केला नाही. सगळ्यांना वाटलं, तुला माहीत आहे.

मी कळवलं नव्हतं. लावणार होतो. पाच महिने तू माझा फोन उचलला नव्हतास, हाही नाही उचलणार आणि मी परत तोंडावर पडणार, असं करत बसलो.

चार चाळीसला तुझाच आला. पडद्यावर तुझं नाव बघून मला बरं वाटलं. बरं वाटलं, रुपाली. हे लिहायला मला दोन पत्रं लागली. तू का करतेयस हे माहीत होतं तरी बरं वाटलं. म्हटलं, वाजू दे, हिलाही कळू दे वाट बघणं काय असतं. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ठरवलं, आता आला की उचलू. तिसऱ्यांदा आला तेव्हा लाज वाटायला लागली, आधीचे दोन का नाही उचलले ह्याला काय सांगणार. मग प्रत्येक फोनला ती वाढत गेली. सातला शेवटचा. त्यानंतर तू केला नाहीस.

तुझी आई माझ्यापासून दहा पावलांवर होती. फावड्याचा आवाज येत होता. फोन नुसता तिच्या हातात द्यायचा होता, मला बोलायचीही गरज नव्हती.

कॉलेजचंही सांगून टाकतो, आता काय राहिलंय. तुझ्याबद्दल वाईट बोलला म्हणून त्या पोराला मी मारलं, हे खरं. तुझ्यामुळं कॉलेज सुटलं असं मी गावभर सांगत फिरलो, आणि तू म्हणालीस, माझ्या नावावर खपवू नको, तिथून आपलं बोलणं बंद झालं. पण प्राचार्य मला म्हणाले होते, एक माफीपत्र लिहून दे, परत बस वर्गात. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. एक कागद लिहायचा होता. बापाला अजून वाटतं त्यांनी मला काढलं.

मी पैसे सगळे काढून मावशीच्या खात्यात भरलेत. पावती तिच्याकडं आहे. ज्यांनी टाकले त्यांची नावं मी हॉटेलच्या काळ्या पाटीवर खडूनं लिहून दिलीत. भाज्यांची नावं लिहायचो त्या पाटीवर. जेवून गेला की नाव पुसायचं, असं तिनं ठरवलंय. आता त्या पैशाला माझा हात नाही.

मी तिथं नसलो तर तू हो म्हणशील का, एवढं तिला सांग. मला सांगू नको.

कल्याण


२ नोव्हेंबर
कारखान्याच्या तळावरून

रुपाली,

पाडव्याच्या आदल्या दिवशी मावशीनं मला रस्त्यात गाठलं. चालू कर म्हणालीस, आणि तो तिथं नको म्हणालीस. ते सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, पिकअपच्या टायरकडं बघत होती. म्हणाली, "माज्या हातचं खाऊन वाढलास लेका, म्हनून मीच सांगते. येऊ नगंस." मी बरं म्हणालो. मग ती तशीच उभी राहिली. शेवटी मीच गाडी काढली.

त्याच आठवड्यात एका टोळीच्या ट्रॅक्टरला ड्रायव्हर पाहिजे होता. आलो. इथं ऊस भरून आणायचा आणि तो कारखान्याच्या गव्हाणीत ओतायला रांगेत उभं राहायचं. रांग कधी चार तासांची, कधी दहा. हे पत्र रांगेतच, स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

टोळ्या निघायच्या आधी सगळ्या तुमच्याकडं जेवल्या असं आमच्या मुकादमानं सांगितलं. दोन दिवस पंगती चालल्या होत्या. मुकादमाच्या आईनं आपलं नाव स्वतः पुसलं, तिला पुसायला कुठलं ते दाखवावं लागलं. ज्यानं 'शांती लाभो' लिहिलं होतं तो भेटला मला इथं, आमच्याच तळावर आहे. मावशीनं त्याला वाढताना विचारलं म्हणे, शांती पाहिजे का अजून आमटी. तो ते सगळ्यांना सांगत फिरतोय.

आमच्या ट्रॅक्टरचीही टोळी निघताना तिथं थांबली होती. सगळे उतरले. मी डिझेल टाकायचं निमित्त करून पुढं पंपावर गेलो आणि तिथंच वडापाव खाल्ला. तू नको म्हणालीस ते पाळलं, एवढंच सांगायचं होतं.

क.


२३ नोव्हेंबर

रुपाली,

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण एक बाकी होतं ते तुझ्यासमोरच मिटलं, तर त्याची माझी बाजू तुला माहीत असावी.

मागच्या आठवड्यात मावशीनं मेडिकलवाल्याच्या फोनवरून मला लावला. पहिल्यांदाच. म्हणाली, पाटीवर आता सतराअठरा नावं राहिलीत, त्यातली बरीच लांबची आहेत, दुबईचा एक आहे, त्यांचं काय करायचं ते बघू. पण सगळ्यात वरचं नाव तुझं आहे. आणि रोज येणारं गिऱ्हाईक तेच आधी वाचतं.

मी ते तुला सांगितलं नव्हतं. क्यूआर टाकल्यावर पहिले पाचशे एक मीच टाकले होते. कुणीतरी आधी टाकल्याशिवाय दुसरा टाकत नाही, म्हणून. पाटी लिहितानाही सगळ्यात आधी माझंच नाव लिहून गेलो, फोनमध्ये तसंच क्रमानं होतं.

मी मावशीला म्हणालो, पुसून टाक. ती म्हणाली, "जेवल्याबिगर कसं पुसू? मंग बाकीच्यांचं का न्हाई पुसलं?" मी म्हणालो, येऊ शकत नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, माहीत हाय. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

मग बाप म्हशीमागं माळावर, रेंजमध्ये, असतो त्या वेळी मी त्याला फोन केला. कॉलेज सुटल्यापासून आम्ही कामापुरतंच बोलतो, बैलाला पाणी पाजलं का एवढं. त्याला मी सगळं सांगितलं. माफीपत्राचंही. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो नुसता हं हं करत होता. शेवटी म्हणाला, मला तिकडं कशाला पाठवतो, मी कधी हाटेलात जेवलोय का. ते खरं आहे. फाट्याला लागून राहून तो कधी मुक्ताईत बसलेला नाही. घरची भाकरी फडक्यात बांधून बाजाराला जाणारा माणूस.

पण रविवारी गेला. टोपी धुतलेली घालून गेला, असं आई म्हणाली.

संध्याकाळी त्यानं मला माळावरूनच फोन लावला तेव्हा मी रांगेतच होतो. सांगायला लागला. गर्दी होती म्हणे. नवी भट्टी बाहेरच्या बाजूला मांडलीय, उंचावर, ते त्याला पटलं. वाढायला पोरगी होती, म्हणजे तू. तुला त्यानं ओळखलं, गर्दीत तू त्याला आधी ओळखलं नाहीस. तू विचारलंस काय देऊ, आणि हा म्हणाला, कल्याणच्या नावचं जेवायला आलोय.

त्यापुढचं तुला माहीत आहे. तू ताट आणलंस. मावशी भट्टीपासून उठली नाही. तो जेवत असताना तू पाटीपाशी गेलीस आणि ओल्या फडक्यानं वरचं नाव पुसलंस. बाप म्हणाला, पुसून झाल्यावर पोरीनं फडकं धुतलं. त्याला असल्या गोष्टी दिसतात.

तुमच्याकडं माझं आता काही राहिलं नाही. इथून पुढं पत्र येणार नाही. आमचा तळही पंधरवड्यानं दुसरीकडं हलेल.

मी बापाला विचारलं, ती काही म्हणाली का.

"म्हनली की."

"काय?"

"आमटी वाढू का अजून, म्हनली."

"मग?"

मागं आमच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"घेतली," म्हणाला. "दोनदा घेतली. तुज्या वाटची व्हती ना."

कल्याण